रात्री अडीच वाजता चपला वाटणारी माणसं: निव्वळ करुणा, की पुढची पेरणी?

मिरजेची_मैना (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, पण हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

सध्या शिकायला कार्डिफला आहे. मागच्या शनिवारी फ्लॅटमेटचा वाढदिवस होता. इथल्या सेंट मेरी स्ट्रीटवर शनिवारची रात्र म्हणजे गणपती वजा करून उरलेली विसर्जनाची मिरवणूक. अडीचच्या सुमाराला फ्लॅटमेटने कॅरोलाइन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर फुटपाथवरच बसकण मारली. उंच टाचांचे बूट हातात, पाय अनवाणी, आजूबाजूला फुटक्या बाटल्या. मी टॅक्सीच्या मागे. तेवढ्यात निळ्या जाकिटातली चार माणसं आली, पाठीवर 'स्ट्रीट पास्टर' (रस्त्यावरचे पाद्री) लिहिलेलं. त्यातल्या साठीच्या एक बाई उकिडव्या बसल्या, हिचा तळवा मांडीवर घेऊन बॅटरीच्या उजेडात काच घुसलीय का ते बघितलं, ओल्या टिशूने पुसला आणि पिशवीतून रबरी चपला काढून घातल्या. बरोबरच्या गृहस्थांनी सुपली-ब्रश काढून काचा भरल्या. टॅक्सी येईपर्यंत थांबले. येशूचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी मीच विचारलं, हे कशासाठी करता? बाई म्हणाल्या, "आम्ही वेगवेगळ्या चर्चमधली माणसं आहोत. तुमच्या वयाच्या पोरांना असं बघितलं की घरी झोप लागत नाही."

फ्लॅटमेट पक्की निधर्मी. आई-वडीलही चर्चला न जाणारे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई गोड होत्या. पण शेवटी त्यांना मी चर्चच्या बाकावर बसलेली हवी आहे."

मला ते पटलंही आणि नाहीही. तुम्हाला काय वाटतं? ख्रिस्ती लोकांना तरुण, धर्म सोडलेल्या पोरांपर्यंत जावंसं वाटतं ते कळवळ्यातून, की रिकाम्या होत चाललेल्या बाकांच्या काळजीतून?

फोडणीचा_फौजदार

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नास्तिक_नाना

फ्लॅटमेट हुशार आहे. वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत 'धर्म नाही' म्हणणारे ४६.५ टक्के निघाले आणि ख्रिस्ती ४३.६ टक्के. दुकान बसायला आलं की दुकानदार रस्त्यावर येऊन फुकट नमुने वाटतो. चपला हा नमुना आहे.

आणि वेळ बघा. रात्री अडीच, पोटात दारू, सोबत कोणी नाही. अडलेल्या माणसाला हात देणं वेगळं आणि अडलेला माणूस शोधत फिरणं वेगळं.

कोकणकडा

नाना, मग वारीत रात्री वारकऱ्यांचे पाय चेपून देणाऱ्यांना काय म्हणाल? तेही अडलेलेच पाय शोधत फिरतात की.

नास्तिक_नाना

वारकरी आधीच विठ्ठलाचा आहे हो. तिथे कुणाला कुठून कुठे न्यायचं नसतं. उदाहरण चुकलं.

संपादक_चमू

धाग्याचं काश्मीर (म्हणजे न संपणारं भांडण) होऊ नये एवढीच विनंती. भारतातल्या धर्मांतराच्या राजकारणावर वेगळे धागे आहेत, तिथे जावे.

ब्रिस्टलकर_भाऊ

थोडी माहिती देतो, म्हणजे हवेत गप्पा नकोत. स्ट्रीट पास्टर्स हे प्रकरण २००३ साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागात सुरू झालं. लेस आयझॅक नावाचे पाद्री, जन्म अँटिग्वाचा. तेव्हा मुद्दा पबमधल्या पोरांचा नव्हताच, टोळ्या, बंदुका आणि चाकूहल्ले हा होता. पोरं मरतायत आणि चर्च रविवारी सकाळी दहाला उघडतंय, हे त्यांना पटेना. पोरं ज्या वेळी रस्त्यावर असतात त्या वेळी आपण रस्त्यावर असायला हवं, एवढा साधा विचार. तिथून ते गावोगावी पसरलं आणि छोट्या शहरांत त्याला दारू, भांडणं, एकट्या पडलेल्या मुली असं रूप आलं. पोलीस आणि नगरपालिका यांच्याशी बोलूनच गट चालतात.

लॉलीपॉप पण वाटतात. हसू नका. तोंडात लॉलीपॉप असताना दुसऱ्याला आईवरून शिवी देणं अवघड जातं. ब्रिस्टलमध्ये दोन धटिंगण एकमेकांची कॉलर सोडून लॉलीपॉपचा कागद सोलताना मी स्वतः पाहिलेत.

फोडणीचा_फौजदार

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला दोन डझन पाठवा.

नगरी_भाकर

लिहू की नको असा विचार करत होते, पण नानांचा प्रतिसाद वाचून लिहितेच.

मी मराठी ख्रिस्ती. माहेर नगर जिल्ह्यातलं, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये नर्स आहे आणि महिन्यातून एका शनिवारी ते निळं जाकीट मीही घालते (गाव सांगत नाही, लहान आहे, लगेच ओळखतील). त्यामुळे हे आतल्या बाजूने.

आधी नियम. चर्चच्या पुढाऱ्याचं शिफारसपत्र लागतं, मग प्रशिक्षण: प्रथमोपचार, दारू आणि ड्रग्जची माहिती, भांडणात कसं उभं राहायचं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ऐकायचं कसं. रस्त्यावर उपदेश करायचा नाही, पत्रकं वाटायची नाहीत. समोरच्याने विचारलं तरच श्रद्धेबद्दल बोलायचं, आणि तेही तो विचारेल तेवढंच. आम्ही बाहेर असतो तेव्हा दुसरा एक गट चर्चमध्ये बसून प्रार्थना करत असतो. आम्ही फोन करून सांगतो, अमुक ठिकाणी मारामारी होईलसं वाटतंय, तमुक मुलगी फार रडतेय. त्यात बहुतेक आज्या असतात, गुडघे गेलेल्या. रात्री तीन वाजता थर्मासमधला चहा पीत त्या अनोळखी पोरांसाठी प्रार्थना करतात. नाना, तुम्ही त्या प्रार्थनेला काही किंमत देणार नाही, ते ठीक. पण त्या आज्या बाक भरायला जागत नाहीत, एवढं मी खात्रीने सांगते.

आता 'का' ते. मी अपघात विभागात रात्रपाळ्या केल्यात. शनिवारी रात्री एकोणीस-वीस वर्षांची पोरं आणतात. नशा उतरते, जखम शिवून होते, आणि मग आम्ही विचारतो, "न्यायला कुणाला बोलवू?" त्यावर जी शांतता पसरते ना, ती मला सहन होत नाही. फोनमध्ये शेकडो नावं असतात आणि पहाटे चारला बोलवावं असं एकही नसतं. आपल्याकडे अशा वेळी निदान शिव्या देत का होईना, मामा येतो. ही पोरं देव नाही म्हणून दुःखी आहेत असं मी म्हणत नाही, नीट मजेत जगणारीही खूप भेटतात. पण ज्यांचं कुणी नाही ती दिसली की मला मत्तयाच्या शुभवर्तमानातलं आठवतं: लोकांचे घोळके पाहून येशूला त्यांचा कळवळा आला, कारण ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे गांजलेले होते. लहानपणी संडे स्कूलला पाठ केलेलं वाक्य, अर्थ इथे कळला.

आणि हो, त्यातलं कुणी येशूकडे आलं तर मला आनंद होईल. खोटं कशाला बोलू? मला जे सापडलं ते मोलाचं वाटतं, मग दुसऱ्याला मिळावं असं वाटणारच. पण तो नाही म्हणाला तर त्याच्या पायातली चपल मी काढून घेत नाही. पुढच्या शनिवारी तोच पुन्हा पडलेला दिसला तर पुन्हा देते.

बाकी अडलेला माणूस शोधत अॅम्ब्युलन्सही फिरते, नाना.

मिरजेची_मैना

ताई, दंडवत. 'न्यायला कुणाला बोलवू' वाचून पोटात कालवलं. त्या रात्री मी नसते तर फ्लॅटमेटने कुणाला बोलावलं असतं, मलाही सांगता येत नाही.

तिरकस_तात्या

+१ नगरी_भाकर. वाचनखूण साठवली.

नास्तिक_नाना

अॅम्ब्युलन्सचा टोला मान्य, ताई. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. माझा आक्षेप व्यक्तीवर नाहीच, व्यवस्थेवर आहे. जाकिटावर 'पास्टर' का लिहायचं? 'मदतनीस' लिहा. चपला त्याच, पाणी तेच.

नगरी_भाकर

मग तुम्हीच म्हणाला असता की ओळख लपवून आलात! लिहिलं तर जाहिरात, नाही लिहिलं तर कपट. आम्ही करायचं काय? :)

सोलापुरी_चादर

अवांतर: मी मँचेस्टरला होतो तेव्हा विद्यापीठाच्या ख्रिश्चन युनियनचा 'टेक्स्ट-अ-टोस्टी' नावाचा प्रकार होता. देवाबद्दलचा एक प्रश्न आणि टोस्टीत (भाजलेल्या सँडविचमध्ये) काय हवं ते मेसेज करायचं. रात्री दहा-अकराला दोन पोरं गरमागरम टोस्टी घेऊन खोलीवर यायची आणि दारात उभी राहून उत्तर द्यायची. फुकट!

मी आणि माझा पंजाबी रूममेट, दोघे भुकेलेले. आम्ही प्रश्नांची यादीच करून ठेवली होती. 'जगात दुःख का?', चीज-कांदा. 'डायनासोर बायबलमध्ये का नाहीत?', चीज-टोमॅटो. एकदा रूममेटने विचारलं, 'देव सर्वशक्तिमान असेल तर तो स्वतःला खाता येणार नाही इतकी तिखट टोस्टी बनवू शकेल का?' आलेला पोरगा इतका हसला की अर्धी टोस्टी जिन्यात सांडली. परत जाऊन दुसरी करून आणली बिचाऱ्याने.

फोडणीचा_फौजदार

तुमचा आत्मा वाचला की नाही माहीत नाही, मेसचे पैसे वाचले.

सोलापुरी_चादर

दोन्ही अंशतः.

पण गंमत बाजूला. मला टोस्टी चपलेपेक्षा जास्त सरळ वाटते. सौदा उघड आहे: तू प्रश्न दे, मी ब्रेड देतो, दहा मिनिटं ऐक. आणि ती पोरं आमच्याच वयाची, दारात अवघडून उभी. जिथे वर्गात देवाचं नाव काढलं की हसतात, तिथे अनोळखी खोल्यांची दारं वाजवायची म्हणजे हिंमत लागते. दुःखाच्या प्रश्नावर त्यातल्या एकाने पाठ केलेलं उत्तर अर्ध्यात सोडलं आणि म्हणाला, "माझा भाऊ मागच्या वर्षी गेला. खरं सांगायचं तर मला पूर्ण उत्तर माहीत नाही." त्या दिवशी आम्ही त्याला आत बोलावून चहा पाजला. इतर पाच-सहा उत्तरं मी विसरलो.

गिरगाव_ते_गेंट

मी तेझेचा अनुभव लिहितो. फ्रान्समध्ये बर्गंडीतलं छोटंसं खेडं. १९४० साली ब्रदर रॉजर तिथे राहायला आले, युद्धात ज्यू आणि इतर निर्वासितांना लपवलं, पुढे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोन्हीकडच्या ब्रदरांचा मठ झाला. साठच्या दशकापासून तिथे तरुण येत राहिले आणि आता उन्हाळ्यात आठवड्याला हजारो येतात. त्यात श्रद्धा नसलेलेही पुष्कळ.

मी बेल्जियन मित्राच्या नादाने गेलो, चर्चशी संबंध शून्य. तंबूत झोपायचं, तीन वेळा प्रार्थनेला बसायचं, बाकी वेळ काम. माझ्या वाट्याला संडास धुण्याची पाळी आली, एका जर्मन मुलीबरोबर (नाही, पुढे काही झालं नाही, विचारू नका). रात्रीच्या प्रार्थनेनंतर काही ब्रदर चर्चमध्येच थांबतात, ज्याला बोलायचंय त्याने जाऊन बोलायचं. मी गेलो. वडिलांशी अबोला होता तेव्हा माझा. एक म्हातारे ब्रदर ऐकत राहिले. सल्ला नाही, वचन नाही. शेवटी विचारलं, "वडिलांना चिठ्ठी लिहिशील?" लिहिली. मी अजूनही देव मानत नाही. पण 'तरुणांपर्यंत पोचायचं कसं' यावर जिथे परिषदा भरतात तिथे हे सांगावंसं वाटतं: फार बोलू नका, रात्री थांबा.

नास्तिक_नाना

तेझेचं नाव निघालं म्हणून: २०१९ मध्ये त्यांच्याच प्रमुखांनी जुन्या काळातली ब्रदरांकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराची प्रकरणं जाहीर केली होती. तरुण माणूस मन मोकळं करतो तिथे धोकाही असतोच. हे दुर्लक्षून करुणेची आरती ओवाळू नये.

गिरगाव_ते_गेंट

बरोबर आहे, नाना. ते माझ्या भेटीनंतर बाहेर आलं आणि वाचून हादरलो होतो. स्वतः जाहीर केलं, सरकारी वकिलांना कळवलं, ही बाजू चांगली. पण ज्यांच्यावर गुदरलं त्यांच्यासाठी खूप उशीर झाला होता. माझा अनुभव चांगला होता म्हणून त्यांचा खोटा ठरत नाही.

आनंदीबाई_ग्रंथपाल

धागा छान रंगलाय. मैनाताई, तुमचा प्रश्न पुण्यात १८९३ साली हिरीरीने गाजला होता, त्याची आठवण करून देते.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सिस्टरांकडे (अँग्लिकन जोगिणींकडे) राहिल्या. त्यांनी लंडनमध्ये फुलम भागातलं आश्रम-काम पाहिलं, समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी चाललेलं. या बायकांना कुणी जवळ घेऊ शकतं, हेच त्यांना नवीन होतं. योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी बाई यांची गोष्ट त्यांना तिथे भेटली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे वाद घालून कुणी त्यांना जिंकलं नाही, करुणा बघून त्या हलल्या. पण गंमत पुढे आहे. आपण सांगू ते ही बाई मुकाट मानेल असं सिस्टरांना वाटलं असेल तर ते साफ फसलं. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), चर्चचा अधिकार, सगळ्यावर रमाबाई पत्रातून भांडत राहिल्या. करुणेने मन वळलं, डोकं गहाण पडलं नाही.

नंतर १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं, विधवांसाठी, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू असं सांगून. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी माझी खोली बंद करून प्रार्थना करणार नाही, यायचं तर कुणीही यावं. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने झोडपलं, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. नानांचा आजचा युक्तिवाद आणि तेव्हाचा फारसा वेगळा नाही. आणि मला विचाराल तर दोन्ही बाजूंना मुद्दा होता. आश्रयाला आलेल्या मुलीच्या 'हो' मध्ये आश्रयाचा वाटा किती, हे कसं मोजायचं? पण हेही खरं की तटस्थ राहून त्या विधवांना घरात घेणारे फार थोडे होते.

नगरी_भाकर

ग्रंथपालबाई, आमच्या घरी रमाबाईंचा फोटो देव्हाऱ्याच्या जागी असायचा म्हटलं तरी चालेल. एक भर घालते. मैना कार्डिफमध्ये आहे म्हणून जास्तच. १९०४ मध्ये वेल्समध्ये मोठी धर्मजागृती झाली, इव्हान रॉबर्ट्स नावाचा खाणीत काम केलेला तरुण तिच्यात पुढे होता. ती बातमी केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पोचली आणि तिथल्या मुली प्रार्थनेला बसल्या. १९०५ मध्ये केडगावातही तसंच घडलं. म्हणजे एकेकाळी वेल्सची ठिणगी दौंड तालुक्यात पडली होती. आता त्याच वेल्समध्ये चॅपलांचे फ्लॅट झालेत आणि आमच्यासारख्या नगरच्या बायका त्यांच्या नातवंडांना चपला घालतायत.

ब्रिस्टलकर_भाऊ

त्या जागृतीची वेल्समध्ये सांगतात ती गोष्ट: खाणकामगारांनी शिव्या देणं सोडलं, त्यामुळे खाणीतल्या घोड्यांना हुकूमच कळेनात आणि काम अडलं.

तिरकस_तात्या

पुण्यात अशी जागृती आली तर वाहतूक कायमची थांबेल.

शांत_समुद्र

नानांसाठी एक उदाहरण. चॅड व्हारा नावाचे अँग्लिकन पाद्री. १९३५ मध्ये लिंकनला नवे नवे असताना त्यांना चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला पाळी आली होती, घाण रोग झालाय असं वाटून तिने जीव दिला. विचारायला कुणी नव्हतं. ते त्यांच्या मनात राहिलं आणि १९५३ मध्ये लंडनच्या आपल्या चर्चमधून त्यांनी जीव द्यायला निघालेल्यांसाठी टेलिफोन सुरू केला. तेच सॅमॅरिटन्स. सुरुवातीला फक्त पाद्रीबुवा बोलणार होते. ताटकळलेल्या लोकांना चहा देऊन गप्पा मारायला साधे स्वयंसेवक बसवले, आणि बऱ्याच जणांना त्या गप्पांनीच हलकं वाटू लागलं, पाद्र्याची गरजच उरेना. काही महिन्यांत त्यांनी काम स्वयंसेवकांकडे सोपवलं. आज संस्थेला धर्माचं बंधन नाही आणि फोनवर कुणी धर्म सांगत नाही.

मी स्वतः काही काळ अशा फोनवर बसलोय, भारतात. सुरुवात कळवळ्यातून झाली, कळवळा राहिला, चर्च मागे सरलं. नाना, हे चालेल?

नास्तिक_नाना

हे चालेल! हेच तर म्हणतोय मी.

नगरी_भाकर

पण नाना, चर्च नसतं तर तो फोन सुरूच झाला नसता ना? मागे सरायला आधी पुढे यावं लागतं.

नास्तिक_नाना

ताई, तुम्ही नर्स व्हायच्या ऐवजी वकील व्हायला हवं होतं.

कोकणकडा

नानांची बोलती बंद! तारीख नोंदवा.

वसईची_सुकेळी

जरा उशिरा आले. मी वसईची कॅथलिक, आणि मला मूळ प्रश्नातल्या 'रिकाम्या बाकां'बद्दल बोलायचंय. आमच्याकडे बाक भरलेले आहेत. तरी तरुण पोरं मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) बाहेर बाईकवर बसून असतात, हे प्रत्येक गावात बघा. त्यांच्यासाठी युथ ग्रुप आहे, क्रिकेट आहे, सहली आहेत. पण बाहेर बसलेल्याला 'तुझं काय चाललंय' असं विचारणारा क्वचित. 'मिस्साला का येत नाहीस' विचारणारे छप्पन. पोरांना दोन्हीतला फरक एका सेकंदात कळतो. माझ्या भाच्याने चर्च सोडलं ते देवावर रागावून नाही, या दुसऱ्या प्रश्नाला कंटाळून. त्याला कुणी चपला दिल्या असत्या तर… असो.

मिरजेची_मैना

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. अपडेट: काल फ्लॅटमेटला नगरीताईंचा प्रतिसाद इंग्रजीत करून ऐकवला. 'नाही म्हणाला तर चपल काढून घेत नाही' यावर ती बराच वेळ हसली. म्हणाली, "मी चर्चला जाणार नाही. पण शनिवारी त्या बाई दिसल्या तर कॉफी आणून देईन." मी म्हटलं, मग तुझ्या कॉफीमागे हेतू काय? तर उशी फेकून मारली.

माझं मत अजून पूर्ण बनलेलं नाही. शारदा सदनचा प्रश्न जास्त अवघड वाटतो. तिथे मुलगी आश्रयाला राहत होती, इथे टॅक्सी आली की विषय संपतो.

एक विचारायचं होतं, मी हिंदू आहे, मला त्या गटात जाता येईल का?

नगरी_भाकर

स्ट्रीट पास्टरमध्ये नाही ग, त्याला चर्चचं सभासदत्व लागतं. विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेत रात्री पोरांना सुखरूप घरी पोचवणारे गट असतात, तिथे चौकशी कर. सॅमॅरिटन्सलाही स्वयंसेवक लागतात, धर्म विचारत नाहीत. आणि चांगले बूट घे, चपला दुसऱ्यांसाठी.

पेन्शनर_पाटील

धागा वाचला, विचारप्रवर्तक. सोलापुरी_चादर, एक शंका. नातू सप्टेंबरमध्ये मँचेस्टरला जातोय. ते टोस्टीचं अजून चालू आहे का? त्याला चीज चालत नाही.

सोलापुरी_चादर

काका, बीन्सची पण द्यायचे. प्रश्न मात्र घरून तयार करून न्यायला सांगा, डायनासोरवाला आम्ही वापरलाय.